दिवा झाकला म्हणजे दुरुस्ती नव्हे

दिवाळीच्या अंकांतून दिव्यांवर पुष्कळ लिहिले जाते. पणती, समई, आकाशकंदील यांच्यावर लिहिणारे माझ्याहून थोर लेखक आहेत आणि त्यांच्या वतनात शिरण्याची माझी इच्छा नाही. मला लिहावयाचे आहे ते एका अगदी रुक्ष दिव्याविषयी. मोटारीत चालकाच्या पुढ्यात जे मीटर असते, त्याच्या एका कोपऱ्यात एक पिवळा दिवा असतो. मध्ये वर्तुळ, वर्तुळात ए.बी.एस. ही तीन इंग्रजी अक्षरे आणि दोन्ही अंगांना दोन कंस. किल्ली फिरवली की तो दोन-चार सेकंद लागतो आणि विझतो. विझला नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर समजावे की काही बिघडले आहे. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत तो कधीतरी लागतोच. लागला तर मला त्याचे वैषम्य वाटत नाही. वैषम्य वाटते ते पुढे जे घडते त्याचे.

या दिव्याशी वागणारांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला झाकपंथ. हे लोक दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतात, नाही तर त्याला वीज पोचणार नाही अशी व्यवस्था करतात, आणि “झाले काम” म्हणून हात पुसतात. दुसरा बदलपंथ. हे लोक दिवा लागताच एक सुटा भाग काढून फेकतात, नवा बसवतात, आणि दिवा तरीही लागला तर त्याहून महाग असा दुसरा भाग काढून फेकतात. पहिल्यांचे अंगण तेलकट असते आणि दुसऱ्यांच्या दालनात थंड हवा, कॉफीचे यंत्र व टाय लावलेला तरुण असतो. परंतु बिघाड कुठे आहे हे पाहावयाचे नाही, या एका तत्त्वावर दोघांचे संपूर्ण एकमत आहे. आणि हे दोघेही स्वतःला दुरुस्ती करणारे म्हणवतात! माझे भांडण या शब्दावरून आहे. मी शाळामास्तर आहे. मुलाचे गणित चुकले तर पाटी पुसून टाकणे म्हणजे गणित सोडवणे नव्हे, आणि त्याला नवी पाटी घेऊन देणे म्हणजेही नव्हे, एवढे मला कळते.

मोटारीच्या शास्त्रात मला गती आहे असा माझा दावा नाही. मॅट्रिकच्या प्रमाणपत्राखेरीज दुसरा दाखला माझ्यापाशी नाही. पण ज्याच्याविषयी मी बोलतो आहे ती वस्तू समजायला मॅट्रिक पुरते, किंबहुना आठवीचे विज्ञान पुरते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी व मुलाबाळांनी दोन मिनिटे धीर धरावा. फराळाचे ताट कुठे पळून जात नाही.

ओल्या रस्त्यावर घाबरून सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला, की चाक जाम होते आणि आपण हँडल कुठेही फिरवले तरी सायकल सरळ घसरत जाते, हा अनुभव बहुतेकांना आहे. मोटारीचेही तेच. फिरणारे चाक वळते. जाम झालेले चाक नुसते घसरते. ए.बी.एस. म्हणजे चाक जाम होऊ लागले की त्या चाकावरचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडणारी आणि पुन्हा देणारी, असे सेकंदाला अनेक वेळा करणारी यंत्रणा. कल्पना विमानांच्या ब्रेकवरून आलेली. १९६६ साली इंग्लंडमधील जेन्सन एफ.एफ. या मोटारीत ती यांत्रिक स्वरूपात बसवली गेली. आणि १९७८ साली जर्मनीत बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक पद्धतीची यंत्रणा मर्सिडीझच्या मोठ्या मोटारीत आणली. आपल्याकडे पुष्कळ वर्षे ही वरच्या किमतीच्या मॉडेलची मिरासदारी होती. एप्रिल २०१९ पासून मात्र विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला, आणि १२५ सी.सी.च्या वरच्या मोटारसायकलीलाही, ती सक्तीची झाली.

आता, चाक जाम होते आहे हे त्या यंत्रणेला कळावयाचे कसे? त्यासाठी प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाकाचा वेग सांगणारा. नाव ऐकून दबून जाऊ नये. ज्यांनी सायकलचा डायनॅमो पाहिला आहे त्यांनी या सेन्सरचा आजोबा पाहिला आहे. आत एक लोहचुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, आणि समोर चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी लोखंडी कडे. दाता समोर आला, गेला, पुन्हा आला. तारेत वीज खाली-वर होते. मायकेल फॅरेडेने हे तत्त्व १८३१ साली दाखवून दिले. समजा, कड्याला ४८ दाते आहेत आणि चाकाचा घेर १.८ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना, म्हणजे सेकंदाला दहा मीटर, चाकाचे साडेपाचच्या वर फेरे होतात आणि त्या तारेतून सेकंदाला सुमारे २६७ हेलकावे जातात. बाकीच्या तीन चाकांकडून २६७ येत असताना एकाकडूनच शंभर येऊ लागले, तर ते चाक जाम होऊ लागले आहे. एवढेच हिशेबाचे काम. माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा हे त्रैराशिक सोडवतो.

अशा या साध्या वस्तूच्या नावाने आमच्याकडून काय वसूल केले गेले ते सांगतो. आमची गाडी जुनी, २०१० सालची. आम्ही राहतो चिपळूणच्या बाजूला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाडीची खारी हवा, आणि चार महिने चाकाच्या वरचा कोनाडा चिखलाने लिंपलेला. एका श्रावणात पिवळा दिवा लागला तो विझेना. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने न पाहता सांगितले, “गुरुजी, फ्यूज काढून ठेवतो आणि दिव्याचा बंदोबस्त करतो. ब्रेक लागतोय ना? मग झालं.” मी त्याला नमस्कार केला आणि मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथे गाडीला वही एवढे एक यंत्र जोडले. यंत्राने संकेतांक दिला: सी ००३५. तरुणाने तो वाचून सांगितले, “पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर गेला, बदलावा लागेल.” भाग आणि मजुरी मिळून चार हजारांच्या आसपास. बदलला. दिवा विझला. नवव्या दिवशी पुन्हा लागला. पुन्हा यंत्र, पुन्हा तोच अंक. आता तोच तरुण म्हणाला, “मग युनिटच गेलं असणार.” युनिट म्हणजे त्या यंत्रणेचा मेंदू, अंदाज पस्तीस हजार. गाडीची एकूण किंमत पाहता, पुढचा सल्ला काय असणार हे मला त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कळले: ही विका, नवी घ्या.

येथे मला त्या अंकाविषयी बोलावयाचे आहे, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. सी ००३५ या संकेताचा अर्थ काय? “पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचे सर्किट.” सर्किट! सेन्सर नव्हे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची तार, मधला प्लग, प्लगापासून मेंदूपर्यंत जाणारी दुसरी तार, आणि तिची टोके. यंत्राने सांगितले की या गल्लीत चोर आहे. आणि यांनी गल्लीतल्या पहिल्या घराच्या माणसाला पकडून फासावर दिले. यंत्र बिचारे खोटे बोलले नव्हते. ज्याने वाचले त्याने अर्धेच वाचले. परीक्षेत मुलाने प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिले, तर आम्ही त्याला शून्य देतो, चार हजार रुपये देत नाही.

जुना सेन्सर मी मागून घेतला होता. (हे प्रत्येकाने करावे. पैसे आपण दिले, मोडका भाग आपला.) शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर त्याच्या दोन टोकांना लावला. या जुन्या धाटणीच्या सेन्सरच्या वेटोळ्याचा रोध साधारणपणे हजार ओहमच्या आसपास, कधी दोन हजारांपर्यंत असतो. तार तुटली असेल तर काटा हलतच नाही; आत शॉर्ट असेल तर शून्याशी येतो. माझ्या हातातल्या त्या मृत घोषित केलेल्या सेन्सरने ११४० ओहम दाखवले. टोकापुढून लोखंडी पट्टी फिरवली तर एवढासा विद्युद्दाबही दिसला. प्रेत उठून बसले म्हणा ना.

मग एका वयस्कर मिस्त्र्यांकडे गेलो. त्यांच्याकडे थंड हवा नाही. एक बाक आहे आणि त्यावर बसलेले गिऱ्हाईक आहे. त्यांनी पहिल्याने विचारले, “दिवा लागतो केव्हा? सकाळी, की पाऊस पडल्यावर? वळणावर, की सरळ रस्त्याला?” डॉक्टरने नाडी धरावी तसा हा प्रश्न, तोपर्यंत मला कोणी विचारलाच नव्हता. पाऊस पडल्यावर, असे सांगताच त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली (नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालणाऱ्यांचे काही खरे नसते), चाक उतरवले आणि मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे आवरण सोडवले. त्यांनी क्रमाने काय पाहिले ते सांगतो. प्रथम दातेरी कडे: तडा आहे का, गंजाने फुगून वर आले आहे का, दात्यांत चिखल भरला आहे का. कड्याला तडा गेला की प्रत्येक फेऱ्यात एक दाता चुकतो, आणि मग गाडी अगदी थांबता थांबता पायाखाली ब्रेक खडखडतो आणि धरत नाही. हा तर दिवा लागण्यापेक्षा वाईट प्रकार. नंतर सेन्सरचे टोक: चुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटला आहे का, बैठकीखालच्या गंजाने तो वर उचलला गेला आहे का. टोक आणि दाता यांमध्ये एका मिलिमीटरच्या आगेमागेच अंतर असते. गंजाच्या पापुद्र्याने ते वाढले की हेलकावे दुबळे होतात. मग तार: स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत तिचा रोध पाहिला, कारण वरचे वेष्टण साबूत असून आतली तार तुटलेली असते आणि चाक वळले म्हणजेच उघडी पडते. सगळे ठीक. मग त्यांनी प्लग उघडला.

प्लगाचे गाडीकडचे अंग हिरवे झाले होते. तांब्याच्या भांड्याला कळकते तसे. रबराची गादी चेपली होती, पाणी आत जात होते, आणि तार वेष्टणाच्या आत बोटभर काळी पडली होती. नवा सेन्सर बसवताना तो प्लग एकदा काढून घातला गेला. त्या घासण्याने टोके जराशी उजळली आणि आठ दिवस निभावले. नवव्या दिवशी पाऊस पडला. चार हजार रुपयांचा सेन्सर अशा रीतीने केवळ प्लग घासण्याच्या कामी आला! त्याहून पाच रुपयांचा पॉलिश कागद बरा. मिस्त्र्यांनी सडलेला भाग कापला, त्याच जाडीची तार जोडली, आणि जोड मुद्दाम वरच्या, न हलणाऱ्या भागात घेतला. वाकणाऱ्या जागी डाख टिकत नाही, तिथे तार पुन्हा तुटते. वर आकसणारी नळी, नवा प्लग. मग चाक हाताने फिरवून मल्टिमीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून डावे-उजवे ताडून पाहिले. दोन्ही सारखे. काम अडीच तासांचे. पस्तीस हजारांचा तो मेंदू अजून त्या गाडीत मुकाट काम करतो आहे.

जाता जाता एक सावधगिरी. अलीकडच्या गाड्यांत दुसऱ्या जातीचे सेन्सर असतात. त्यांना चालायला बाहेरून वीज लागते, आणि दात्यांऐवजी बेअरिंगच्या एका बाजूलाच चुंबकीय पट्टा बसवलेला असतो. त्यांना ओहमचा मल्टिमीटर लावू नये, बिघडण्याचा संभव असतो. आणि बेअरिंग बदलताना ते उलटे बसवले तर सेन्सर आंधळा होतो, मग पुन्हा “सेन्सर गेला.” तेव्हा आपल्या गाडीत कोणती जात आहे हे आधी विचारून घ्यावे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. झाकपंथाचा पहिला आक्षेप असा की, “आमच्या बापजाद्यांनी विनाए.बी.एस. गाड्या चालवल्या, ते काय मेले?” नाही. दिवा लागला म्हणजे ब्रेक गेला असेही नव्हे; साधा ब्रेक लागतो. सुट्या खडीच्या रस्त्यावर ए.बी.एस.वाली गाडी थांबायला कधी अधिक अंतर घेते, हेही मी मान्य करतो. पण तुमच्या बापजाद्यांचा पाय निराळा होता. तो निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून मारणारा पाय होता. आजच्या मुलाला शिकवतात की जोराने दाब, दाबून धर आणि स्टेअरिंगने वाट काढ. ती यंत्रणा चालू असेल तर हे शिक्षण बरोबर. बंद असेल तर त्याच पायाने चाक जाम होणार. म्हणजे दिवा काय सांगतो? आज कोणता पाय वापरायचा ते. तेवढेच तुम्ही झाकता.

दुसरा आक्षेप: “गरिबाला हे परवडत नाही.” हा आक्षेप बहुधा गरीब घेत नाहीत, त्यांच्या वतीने दुसरे घेतात. परवडत नसेल तर दिवा लागलेला राहू द्या! त्याला पैसा पडत नाही. लागलेला दिवा घेऊन सावकाश गाडी हाकणारा माणूस मला पूर्णपणे मान्य आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मिस्त्र्यांनीच बोलून दाखवला. ते म्हणाले, “गुरुजी, अडीच तास शोधलं आणि प्लग बदलला. बिलात काय लिहू? प्लगचे दीडशे लिहिले आणि शोधायचे हजार लिहिले, तर गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट कुठला टाकलास तो दाखव. चार हजारांचा सेन्सर टाकला असता तर मुकाट्यानं दिले असते.” याला माझ्यापाशी उत्तर नाही, कारण ते खरे आहे. आपल्या बिलात सुट्या भागाला रकाना आहे, मजुरीला आहे, कराला आहे, शोधायला नाही. जे हातात धरून दाखवता येते त्याचेच पैसे द्यायचे, डोक्याचे द्यायचे नाहीत, असा आपला बाणा. मग ज्याला पोट आहे तो माणूस डोके वापरील कशाला? तो भाग विकील. बदलपंथ वर्कशॉपांनी काढला हे अर्धेच सत्य. त्याला वर्गणी आपण गिऱ्हाइकांनी दिली. मी त्यांना हजार दिले तेव्हा बाकावरचे गिऱ्हाईक माझ्याकडे अशा काही नजरेने पाहू लागले, की मास्तरला कुणीतरी चांगलाच गंडवला!

हे सगळे मी एवढ्या कडवटपणे का लिहितो, असे घरच्यांनीही विचारले. त्याचे कारण माझी गाडी नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या गावांतून आमच्या शाळेची सात मुले गाडीतून ने-आण करतो. गाडी त्याने गेल्या वर्षी जुनी विकत घेतली, विकणाऱ्याने ए.बी.एस. आहे म्हणून चार पैसे जास्तच घेतले. आमच्या गाडीचे प्रकरण मिटल्यावर मी एक दिवस सहज त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटले, “अरे, किल्ली फिरव बघू, इंजिन सुरू करू नकोस.” तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. पिवळा लागलाच नाही. निरोगी गाडीत किल्ली फिरवल्यावर तो लागून विझतो. मुळी लागलाच नाही तर तो आजारी नव्हे, त्याचे तोंड बांधलेले असते. “म्हणजे काय, गुरुजी?” तो म्हणाला. “आता हे काय असतं?”

रविवारी आम्ही दोघांनी मिळून मीटर उघडले. मागल्या बाजूस, त्या एका खिडकीवर, करंगळीच्या नखाएवढा काळ्या टेपचा तुकडा व्यवस्थित कापून लावलेला होता. कापणाऱ्याचा हात सफाईदार होता, कडा सरळ होत्या. इतक्या निगुतीने त्याने चाकापाशी पाच मिनिटे घालवली असती तर? टेप काढताच दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. पूर्ण एक पावसाळा त्या पोराने, ती यंत्रणा आहे अशा भरवशावर, सात मुले मागे घालून ओल्या उतारावर ब्रेक मारले. विकणाऱ्याला फोन केला. तो शपथेवर म्हणाला, मीही अशीच घेतली. त्याच्या आधीच्यानेही तेच सांगितले. तिघांपैकी कोणी टेप लावली हे देव जाणे. पण पैसे तिघांनीही दिले, आणि खरा धोका तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता, किंवा एकालाच होता. टेप लावणारा स्वतःची फसवणूक करीत नाही, कारण त्याला ठाऊक असते. तो फसवतो पुढच्याला, आणि पुढच्याच्या मागच्या बाकावर बसलेल्यांना.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवा, आणि कोणता दिवा लागतो याहून कोणता लागत नाही ते पाहा. गॅरेजात “सेन्सर गेला” असे ऐकलेत की विचारा, “कशावरून?” उत्तर अंकात मिळाले तर म्हणा, सेन्सर की सर्किट? आणि कोणी खरोखर शोधले, तर शोधण्याचे पैसे शोधण्याच्या नावाने द्या, घासाघीस न करता.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत बिघाड मागच्या उजव्या चाकाचा निघाला आहे. मिस्त्र्यांनी त्याला दिवाळीनंतरचा सोमवार दिला आहे, कारण त्याआधी त्याच्याकडे पैसे नाहीत आणि त्यांच्याकडे वेळ नाही. तोवर पिवळा दिवा जळतोच आहे. तो उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आणतो, शाळेला दहा मिनिटे उशीर होतो, आणि मुलांच्या आयांनी “हा दिवा कसला रे?” म्हणून विचारले तर सांगतो. उशिराचा शेरा मी हजेरीपटावर मारलेला नाही.